मदत हवी आहे: कबड्डीच्या पोरांना वजनं कधी उचलायला लावू?

मंडळी, कॉलेजचा कबड्डी संघ बघतो. विद्यापीठ स्पर्धेला सहा आठवडे उरलेत. पोरं दंड-बैठका मोजायचं विसरतील इतक्या मारतात, पण दुसऱ्या २० मिनिटांत चढाईला गेली की पाय जड. परवा चढाईपटू मध्यरेषेपासून वीतभर लांब अडकला, नुसता घोटा धरला होता हो!

जिममध्ये बारबेल एकच, पोरं बारा. आठवड्यातून दोनदा सकाळी स्क्वॅट आणि डेडलिफ्ट घेतो, ५ चे ३ सेट. संध्याकाळी मॅटवर मांड्या भरून येतात. वजनं सरावानंतर घेऊ का? आणि डाव्या कोपरारक्षकाची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दोनदा धरलीय, त्याला नॉर्डिक कर्ल (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणीतरी धरून, हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम) आत्ता सुरू केले तर चालतील की उशीर झाला? ‘प्रोटीन पावडर द्या’ एवढं सोडून काहीही सांगा.