कच्च्या बिलावर घेतलेला कूलर जळला, दुकानदार ऐकतच नाही

शिलाईवाली_मानेवाडा:
नागपुरात इतवारीतल्या एका दुकानातून लोखंडी बॉडीचा कूलर घेतला. ९,२०० रुपये, यूपीआयनं दिले. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, "ताई, मग १८ टक्के वरून लागतील," अन् पिवळ्या कागदावर एस्टिमेट लिहून दिलं. आठवड्यात मोटर जळली. दाखवायला नेला तर कागदाच्या तळाशी बोट ठेवतो: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वर म्हणे कंपनीशी बोला. कोणती कंपनी जी? पत्रा यानंच कापला, मोटर-पंखा यानंच बसवला! घरातल्याच एका खोलीत मी ब्लाउज शिवते, त्यावरच घर चालते. ४४ डिग्रीत मशीनवर बसून दाखवावं त्यानं. पक्कं बिल नसताना तक्रार होते का?

खामल्याचा_भाऊ:
सोडा न ताई. ग्राहक आयोगात नुसत्या तारखा. नवीन मोटर टाका अन् मोकळ्या व्हा.

हिशेबी_माणूस:
पक्कं बिल नाही, त्यात कूलर शिलाईच्या धंद्यासाठी. हे कमर्शियल झालं. कायद्यानं तुम्ही ग्राहकच नाही.

जुना_तक्रारदार:
हिशेबी भाऊ, अर्धाच कायदा सांगू नका. धंद्यासाठी घेतलेली वस्तू बाहेर राहते, खरं आहे. पण स्वयंरोजगारातून पोट भरायला स्वतः वापरलेली वस्तू त्यात धरत नाहीत, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलं आहे. ब्लाउज शिवणारी बाई म्हणजे काही गारमेंट फॅक्टरी नव्हे.

आता बिलाचं. बिल न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे तो दोष दुकानदाराच्या खात्यात. तुमच्याकडे यूपीआयची नोंद आहे, त्याच्या हातचं एस्टिमेट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर काही बोलणं झालं असेल तर तेही जपा. तळाच्या त्या ओळीला सदोष मालाच्या बाबतीत काडीची किंमत नाही. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत असा माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. म्हणून तारीख बघा अन् आजच लेखी मागणी पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टानंही.

अन् मला सगळ्यात मजा आली ती "कंपनीशी बोला" वाचून. दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडून वस्तू उभी करणाराही कायद्याच्या व्याख्येत उत्पादकच असतो. म्हणजे कंपनी तोच आहे! मागणीपत्रात हे वाक्य जरूर टाका, पुढची निम्मी बडबड तिथंच थांबते.

आधी १९१५ वर फोन करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आदेश काढत नाही, पण मध्ये पडते. तरी नाहीच ऐकलं तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, वकील लागत नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार घरूनच दाखल होते. मुदत २ वर्षं.

शिलाईवाली_मानेवाडा:
दादा, पत्र आज पाठवते. पण लग्नाच्या ऑर्डरी अंगावर आहेत, कूलरशिवाय बसवत नाही. तोवर दुसरी मोटर टाकली तर केस जाईल का?

हिशेबी_माणूस:
स्वयंरोजगाराचं मला माहीत नव्हतं. पण भाऊ, एस्टिमेटवर दुकानाचं नावच नसेल तर?

जुना_तक्रारदार:
तर यूपीआयच्या नोंदीत पैसे कोणाला गेले ते दिसतेच न. ताई, मोटर बदला, पण आधी मागणी पोहोचू द्या, त्यात दोन-तीन दिवसांची मुदत देऊन "नाहीतर मी बदलून घेईन, खर्च तुमच्याकडून" असं लिहा. उघडण्याआधी फोटो, व्हिडिओ काढा. मेकॅनिककडून काय जळलं ते सहीनिशी लिहून घ्या. जळकी मोटर भंगारात देऊ नका, आयोग तपासणीला मागू शकतो. अन् नव्या मोटरचं बिल मात्र पक्कंच घ्या, १८ टक्क्यांसकट.