इन्स्टाग्रामच्या कलेक्शनमधली निवडकच चित्रं उतरवून घ्यायची आहेत

दौत_लेखणी:
सेव्ह केलेल्या साधारण १,४०० पोस्टी, १२ कलेक्शनं. त्यातल्या ‘अक्षरलेखन’ आणि ‘लाकडी सांधे’ या दोहोंतली मिळून तीनेकशे चित्रं जपायची आहेत, बाकीची गेली तरी चालतील. अकाउंट्स सेंटरमधून माहितीची निर्यात मागवली, जेसन स्वरूपात (प्रोग्रामला वाचायला सोपी अशी मजकूर फाइल). झिपमध्ये स्वतः टाकलेले फोटो आले, सेव्ह केलेल्यांच्या मात्र नुसत्या लिंका. कलेक्शनांची नावं तर निव्वळ कचरा दिसतात. निर्यात चुकली का? आणि सरसकट न उतरवता हवं तेवढंच कसं काढायचं? स्क्रीनशॉट हा शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलाय.

चौकोनी_कंस:
निर्यात बरोबर आहे. दुसऱ्याने टाकलेलं चित्र ‘तुमची माहिती’ धरलं जात नाही, म्हणून खात्याचं नाव, लिंक आणि सेव्ह केल्याची वेळ एवढंच येतं. वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते. स्प्रेडशीटमध्ये ८६,४०० ने भागून त्यात १ जानेवारी १९७० ही तारीख मिळवा.

नावांचं दुखणं वेगळं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, तीन बाइटांचं असतं, आणि निर्यातीत प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजून लिहिलेला असतो. म्हणून ‘अ’ च्या जागी आधी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग एक चलनचिन्ह, मग काहीतरी अगम्य. मजकूर शाबूत आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आधी जेसन वाचून घ्या, मग प्रत्येक नाव लॅटिन-१ ने (बाइटाला एक अक्षर मानणारी जुनी पद्धत) एन्कोड आणि यूटीएफ-८ ने डीकोड करा, ‘अक्षरलेखन’ उमटेल. हीच क्रिया अख्ख्या फाइलीवर केलीत तर ढिम्म फरक पडणार नाही, कारण फाइलीत ती चिन्हं सांकेतिक रूपात लिहिलेली असतात.

आता निवड. ती उतरवल्यावर नाही, यादीतच करा. कलेक्शन, लिंक, तारीख, ‘हवं’ आणि ‘कितवं’ असे पाच रकाने पुरतात. शेवटचा रकाना विसरू नका: २०२४ पासून एका पोस्टमध्ये २० पर्यंत चित्रं बसतात, लिंक मात्र एकच, आणि त्यातलं तुम्हाला तिसरंच हवं होतं हे निर्यातीत कुठेही नसतं. ब्राउझरात पोस्ट उघडून बाण सरकवलात की पत्त्याच्या शेवटी क्रमांक दिसतो, तो टिपून ठेवा.

रात्रपाळी:
यादी झाली की गॅलरी-डीएल, लिंकांवरून चित्रं उतरवणारा प्रोग्राम. ‘हवं’ अशी खूण असलेल्या लिंका साध्या मजकूर फाइलीत, ओळीला एक, आणि ती फाइल त्याला इनपुट म्हणून द्या. लॉगिनसाठी ब्राउझरच्या कुकी (लॉगिनची ओळख साठवणाऱ्या नोंदी) वापरायच्या. विंडोजवर फायरफॉक्सच बरा, क्रोमने १२७ व्या आवृत्तीपासून कुकींना जे कुलूप लावलंय ते बाहेरच्या प्रोग्रामला सहसा उघडत नाही. कुकींची फाइल वेगळी काढलीत तर ती पासवर्डइतकीच जपा. ती चुकून क्लाउडच्या फोल्डरात जाते, हे फार जणांचं होतं.

गॅलरी-डीएलमधला डाउनलोड-आर्काइव्हचा पर्याय पहिल्या फेरीपासूनच चालू ठेवा. तो नसेल तर प्रोग्राम फक्त ‘फाइल जागेवर आहे का’ एवढंच बघतो. म्हणजे नको म्हणून उडवलेलं चित्र पुढच्या फेरीत पुन्हा हजर. आर्काइव्ह असेल तर एकदा आलेल्याची नोंद राहते आणि काढून टाकलेलं परत येत नाही. निवडक संग्रहाचा सगळा खेळ यावर आहे. दोन विनंत्यांमध्ये ८–१० सेकंदांचं अंतर ठेवा, एका बैठकीला ५० लिंका पुरे.

जुनी_डिस्क:
एक आठवण करून देतो: असा आपोआप उपसा इन्स्टाग्रामच्या अटींत बसत नाही, आणि घाई केलीत तर खात्यावर पडताळणीचा अडसर येतो. तीनशेच चित्रं असतील तर हाताने उतरवणंही अशक्य नाही. पण चित्राचा थेट पत्ता साठवून ठेवू नका. त्याला मुदत असते आणि ती संपली की तो मरतो. पोस्टची लिंक ठेवा. स्क्रीनशॉट मात्र नकोच. चित्र स्क्रीनच्या मापाने नव्याने आखलं जातं, अक्षरलेखनातल्या बारीक रेघा तिथेच मऊ पडतात.

फाइलीचं नाव तारीख, खातं, पोस्टच्या लिंकमधला कोड, चित्राचा क्रमांक या क्रमाने. पोस्टचा मजकूर नावात घालू नका. लिनक्सवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. एकटं ‘अक्षरलेखन’च २७ बाइट खातं, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हांत सगळं आटोपायचं. मजकूर एक्झिफटूलने (चित्राच्या फाइलीतली माहिती बदलणारा प्रोग्राम) चित्राच्या वर्णनात भरा, मूळ लिंकही तिथेच. चित्रकाराचं नाव त्यातून टिकतं.

जागेचा प्रश्नच नाही. चित्रामागे ३०० केबी धरले तरी ९० एमबी. एक प्रत संगणकावर, एक एरवी काढून ठेवलेल्या डिस्कवर, एक दुसऱ्या ठिकाणी. प्रती करायला आरक्लोन हा प्रोग्राम वापरत असाल तर ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ यांत गल्लत नको: सिंक इथे उडवलेलं तिथेही उडवतो. प्रत झाल्यावर त्याच्याच ‘चेक’ने दोन्हीकडचं ताडून बघा.

दौत_लेखणी:
नावं सुटली, निवडही झाली: २८६ लिंका. त्यातल्या ११ ‘पान उपलब्ध नाही’ म्हणतात. आणि काही चित्रं वेबपी या स्वरूपात आली, त्यांच्या नावाचं शेपूट बदलून जेपीजी केलं तर चालेल ना?

चौकोनी_कंस:
शेपूट बदलून आतला माल बदलत नाही, उलट काही प्रोग्राम ती फाइल उघडायलाच नकार देतात. वेबपी तशीच राहू द्या. रूपांतर केलंत तर आणखी एकदा दाबली जाऊन दर्जा घसरेल.

ते ११ पत्ते लॉगिन असलेल्या ब्राउझरात उघडून बघा. तिथे दिसले तर कुकी शिळ्या झाल्या, नव्या घ्या. तिथेही नसतील तर पोस्ट काढली गेली असेल किंवा खातं खाजगी झालं असेल. पण त्या ओळी यादीतून पुसू नका, ‘हवं’मध्ये ‘गेलं’ लिहा. पुढच्या निर्यातीत त्याच लिंका पुन्हा आल्या तर तपासत बसावं लागणार नाही.