अँटिव्हायरस रिन्यू करू का? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

वैद्य काका (सी-३०२): नमस्कार मंडळी. घरच्या कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात सारखं येतंय की अँटिव्हायरस संपला, पाच व्हायरस सापडले, लगेच रिन्यू करा. जिथून मशीन घेतलं तो दुकानदार म्हणतो तीन वर्षांचं पॅक घ्या, त्यात फायरवॉलपण येते. घेऊ का? आणि कोणता घेऊ?

मंगलताई (ए-१०३): क्विक हील घ्या. पुण्याची कंपनी, आपली माणसं. काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभी केलेली.

ओंकार (बी-४०२): काका, काहीच घेऊ नका. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस, डिफेंडर, असतोच. फुकट.

वैद्य काका: फुकटचं ते किती कामाचं असणार रे?

समीर (ए-५०१): थांबा थांबा. काका, आधी त्या मेसेजचा फोटो टाका. त्यावर क्लिक करू नका. पैसे भरले नाहीत ना कुठे?

वैद्य काका: नाही. कार्ड हिच्याकडे असतं.

वैद्य काका: (फोटो)

समीर: मग काकूंचे आभार माना 😀 फोटोत खाली बारीक अक्षरांत बघा. क्रोमचं नाव आहे आणि पुढे भलत्याच साइटचा पत्ता. म्हणजे हा अँटिव्हायरस बोलतच नाहीये. कधीतरी कुठल्यातरी साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं असेल आणि कुणीतरी 'अलाउ' दाबलं असेल. आता ती साइट रोज भीती घालतेय. क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती प्रत्येक काढून टाका.

वैद्य काका: अरे, अकरा निघाल्या! एक पंचांगाची, दोन क्रिकेटच्या, बाकी देव जाणे.

मंगलताई: माझ्याकडेपण येतं हो असंच. मी तर दुसऱ्याच कंपनीचं नाव बघून घाबरले होते, जी मी कधी घेतलीच नाही.

समीर: तोच प्रकार ताई. आता काका, स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा आणि 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा. तिथे सध्या पहारा कोणाचा आहे ते लिहिलेलं असतं.

वैद्य काका: मशीनसोबत आलेल्या ट्रायलचं नाव दिसतंय. एक्सपायर्ड म्हणतोय.

समीर: हा खरा घोळ. दुसरा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर बाजूला होतो, कारण दोघांनी एकाच फाइलवर झडप घातली की मशीन रखडतं. मुदत संपलेला मात्र कधीकधी जागा अडवून बसतो, नवीन व्हायरसची माहिती घेत नाही. तो अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा. डिफेंडर आपोआप उभा राहील. नाही गेला तर त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर काढून टाकायचं टूल मिळतं. तेच घ्या, सर्चमध्ये वर दिसणारी जाहिरात नको.

शिंदे (सेक्रेटरी): कृपया ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी ठेवावा. उद्या टँकर सकाळी सात वाजता.

स्नेहल (बी-२०४): शिंदे साहेब, अर्ध्या सोसायटीचे रिटर्न मी भरते, त्यांचे पॅन आणि बँकेचे कागद अशाच घरच्या मशीनवरून माझ्याकडे येतात. चालू द्या थोडं.
काका, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: मी ऑफिसमध्ये पैसे भरूनच घेते. पण कारण वेगळं आहे. माझ्याकडे दिवसभर क्लायंटचे पेनड्राइव्ह येतात, झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेले.

समीर: स्नेहल बरोबर बोलतेय. डिफेंडरबद्दल भाबडेपणा नको. २०१३च्या सुमाराला तो परीक्षांमध्ये तळाशीच असायचा. आता तसं नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट नावाची प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापर यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते. तिथे गेली काही वर्षं त्याला १८ किंवा त्याच्या आसपास मिळतात. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दुसऱ्या प्रयोगशाळेच्या चाचण्या वाचल्या तर दोन उणिवा दिसतात. मशीन थोडं जास्त जड करतो, आणि इंटरनेट बंद असताना त्याची नजर कमकुवत होते, कारण त्याची बरीच अक्कल क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर असते. पेनड्राइव्हचा राबता असलेल्या ठिकाणी हे महत्त्वाचं. घरी, जिथे वायफाय कायम चालू, तिथे फार फरक पडत नाही.

ओंकार: फुकटात अवास्ट पण आहे ना?

समीर: त्यांना अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. लोक कुठल्या साइटवर जातात याची माहिती जम्पशॉट या त्यांच्याच उपकंपनीमार्फत विकली जात होती. जम्पशॉट २०२० मध्ये बंद केली त्यांनी. तरी माझ्या मते पहारेकरीच घरातल्या गोष्टी बाहेर विकणार असेल तर नसलेला बरा.

मंगलताई: मग क्विक हील वाईट का?

समीर: मुळीच नाही ताई. अडचण आली तर माणसाशी फोनवर बोलता यावं असं वाटत असेल तर पैसे द्यायला हे पुरेसं कारण आहे. फक्त दुकानदार म्हणतो म्हणून सगळ्यात महागडं पॅक नको. त्यातलं व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर, पीसी ट्यूनअप आपण उघडतसुद्धा नाही. आणि घेताना ऑटो रिन्यूअलची खूण काढून टाका. पहिल्या वर्षी सवलतीचा भाव, दुसऱ्या वर्षी पूर्ण भाव कार्डावरून परस्पर कापला जातो. हे बऱ्याच कंपन्यांत चालतं.

ओंकार: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

स्नेहल: वाचला मी 😐 क्रॅक केलेलं (चोरीचं) एमएस ऑफिस कसं टाकायचं ते सांगत होतास ना?

समीर: ओंकार, त्या अ‍ॅक्टिव्हेटरच्या (चोरीचं सॉफ्टवेअर चालू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सोबत सूचना काय असते? 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' कुलूप स्वतः उघडून द्यायचं आणि मग महागडं कुलूप कोणतं यावर चर्चा करायची. काका, तुमच्या मशीनवर विंडोज कोणतं आहे? विंडोजचं बटण आणि आर दाबून 'विनव्हर' टाइप करा.

वैद्य काका: १० आहे. आणि चौथ्या पिढीचा आय-थ्री.

समीर: मग अँटिव्हायरसपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते. डिफेंडरला व्हायरसची नवीन माहिती १० वर २०२८ पर्यंत मिळणार आहे, पण विंडोजमधलीच भोकं बुजली नाहीत तर वरचा पहारा अपुरा. २०१७ चं वॉनाक्राय, फाइली लॉक करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर, आठवतं? मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती, मे महिन्यात हल्ला झाला. ज्यांनी अपडेट टाकलंच नव्हतं ते अडकले.
सध्याचा उपाय: सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला जा, 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स'साठी एनरोलचा दुवा दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय आहे. तोवर नवीन मशीनचा विचार करा.

वैद्य काका: आणि ती फायरवॉल?

समीर: ती वेगळी विकत घेऊ नका. २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला तेव्हापासून विंडोजची फायरवॉल आपोआप चालू असते. त्याआधीच्या वर्षी ब्लास्टर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) नुसतं इंटरनेट जोडलं तरी मशीनमध्ये शिरत होता, त्यातून हे शहाणपण आलं. आपण न बोलावता बाहेरून जे आत शिरू पाहतं ते ती अडवते. शिवाय आपले राउटरही बहुतेक तेच करतात. आतून बाहेर जाणारं मात्र ती सहसा विचारत नाही. झोनअलार्मसारख्या वेगळ्या फायरवॉल ते विचारतात. पण 'एसव्हीसीहोस्ट बाहेर जाऊ पाहतोय, जाऊ देऊ का?' याला घरात कोण काय उत्तर देणार? दोन दिवस वाचतात, तिसऱ्या दिवशी सगळ्याला हो.
फक्त बघा, विंडोज सिक्युरिटीत फायरवॉलच्या तिन्ही ओळींवर हिरवी खूण हवी.

शिंदे (सेक्रेटरी): सोसायटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघितलं. तिन्ही लाल आहेत.

समीर: कोणी बंद केली?

शिंदे (सेक्रेटरी): कॅमेरेवाला आला होता. मोबाइलवर गेट दिसेना तेव्हा त्याने काहीतरी बंद केलं आणि दिसायला लागलं. डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या यंत्राचा) पासवर्ड कंपनीचाच आहे, बदललेला नाही.

स्नेहल: म्हणजे मेंटेनन्सचा सगळा हिशेब त्याच मशीनवर.

समीर: साहेब, हे आजच दुरुस्त करू. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने) असेच कंपनीचे पासवर्ड टाकून कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या साइट्स पाडल्या. फायरवॉल चालू करून फक्त कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरला परवानगी देता येते, अख्खी बंद करायची गरज नसते. राउटरवर त्याने पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून ठेवलाय का तेही बघतो. मी संध्याकाळी आठला येतो, ऑफिसची चावी ठेवा.

शिंदे (सेक्रेटरी): ठेवतो. विषय सोसायटीचाच निघाला म्हणायचा.

वैद्य काका: माझं काय ठरलं मग? रिन्यूअल नको?

समीर: नको. ट्रायल काढा, डिफेंडर चालू, अपडेट्स चालू. विंडोज सिक्युरिटीत 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' असतं, ते मुळात बंद असतं. ते चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्सना हात लावता येत नाही.

स्नेहल: काका, हे चालू केल्यावर एखादं नेहमीचं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करेनासं झालं तर घाबरू नका. त्याला यादीत घालून परवानगी द्यावी लागते. आम्ही ऑफिसमध्ये यावरून अख्खी दुपार घालवली होती.

समीर: आणि अँटिव्हायरसच्या पैशात एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. नातीचे फोटो, घराचे कागद त्यावर.

वैद्य काका: १ टीबी पुरेल? आणि ती मागे कायम लावून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.

समीर: १ टीबी भरपूर झाली. कायम लावू नका मात्र. रॅन्समवेअर आला तर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही लॉक करतो. कॉपी झाली की काढून कपाटात.