घरच्या कॉम्प्युटरवर सरसकट सगळ्यांना अ‍ॅडमिन करणं हा काय इलाज झाला?

तिसरामजला

मंडळी, डोकं तापलंय म्हणून लिहितोय. घरात डेस्कटॉप एक आणि वापरणारे चार. दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीवांनी कुठलंतरी फुकट गेमचं काहीतरी उतरवून ब्राउझरची पार वाट लावली, तेव्हा मी सगळ्यांना स्टँडर्ड (मशीनभर बदल करता न येणारी) खाती करून दिली आणि अ‍ॅडमिन वेगळं ठेवलं, पासवर्ड मला आणि बायकोला फक्त. सगळं सुरळीत, अडलं ते बाबांचं.

बाबा सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब बघतात. सॉफ्टवेअर कोणा ओळखीच्या माणसाने व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक, जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) मध्ये करून दिलेलं, तो माणूस आता फोन उचलत नाही. बाबांच्या खात्यातून पावती छापायला गेलं की "रनटाईम एरर ७५, पाथ/फाईल अ‍ॅक्सेस एरर" आणि प्रोग्रॅम बंद. अ‍ॅडमिनमधून मात्र मख्खन चालतं.

मी ऑफिसात असताना बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा बोलावला. त्याने बाबांचं खातं अ‍ॅडमिन केलं, ५०० रुपये घेतले आणि वर सांगून गेला की काका घरात कशाला हवंय हे ऑफिससारखं. म्हणजे कडी जाम होते म्हणून दारच उचकटून ठेवायचं. माझं म्हणणं एवढंच की दोष खात्याचा नाही, प्रोग्रॅमचा आहे, तो कुठेतरी नको तिथे लिहायला जातोय, ती जागा शोधायची आणि तेवढीच मोकळी करायची. तुम्ही काय करता?

पेनड्राईव्ह_पाटील

मी तर सरळ अ‍ॅडमिन देतो आणि मोकळा होतो. अहो वय वर्षे सत्तरच्या माणसाला पावती छापायची आहे, त्यांना तुमच्या परमिशनच्या गोष्टींशी काय देणंघेणं. तुमचा एक रविवार गेला, बाबांची चिडचिड झाली, दुकानवाल्याने पाच मिनिटांत काम केलं, मग शहाणा कोण ते तुम्हीच ठरवा.

आणि घरच्या मशीनवर मोलाचं काय असतं? फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, बँकेची स्टेटमेंटं. हे सगळं ज्याच्या त्याच्या खात्यातच असतं, व्हायरसला ते एन्क्रिप्ट करायला अ‍ॅडमिन लागतच नाही. विंडोजचं फोल्डर शाबूत राहिलं आणि मुलीच्या बारशाचे फोटो गेले, तर काय विंडोजच्या फोल्डरची आरती करायची?

नेटवर्कवाला

पाटील, फोटोंचा मुद्दा खरा आहे, तो बहुतेक लोक विसरतात. पण अर्धाच आहे. स्टँडर्ड खात्यात घुसलेला व्हायरस त्या एका माणसाचं वाटोळं करतो, शेजारच्या खात्यातल्या फाईली त्याला वाचताही येत नाहीत. शिवाय रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पहिल्यांदा काय करतं तर विंडोजने ठेवलेल्या जुन्या शॅडो कॉप्या (फाईलींच्या आधीच्या प्रती) पुसतं, आणि त्याला अ‍ॅडमिनच लागतो. (आता घरच्या मशीनवर या प्रती ठेवणारं सिस्टिम प्रोटेक्शन चालूच नसतं बऱ्याचदा, तो भाग वेगळा. बॅकअप घ्या.)

हे असं का होतं ते बघा. विंडोज ९८ मध्ये ही भानगडच नव्हती, कोणीही कुठेही लिहा. २००१ साली एक्सपी आलं त्यात मर्यादित खातं होतं, पण सेटअपच्या वेळी जी खाती बनायची ती सगळी अ‍ॅडमिन, मग प्रोग्रॅम लिहिणारेही अ‍ॅडमिनमध्येच बसून लिहायचे आणि तिथेच टेस्ट करायचे, सेटिंग टाक प्रोग्रॅम फाईल्समध्ये, लायसन्स टाक रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्याच्या) लोकल मशीन या सगळ्यांच्या सामायिक भागात. प्रत्येक युजरचा माल त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवा हे विंडोज २००० पासून सांगत होते, ऐकतो कोण. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा बाजारात आलं आणि यूएसीची (मोठा बदल करण्याआधी परवानगी विचारणारी) खिडकी दर दोन मिनिटांनी उघडायला लागली तेव्हा सगळ्यांनी शिव्या घातल्या, पण निम्मी कर्मं प्रोग्रॅमवाल्यांचीच होती.

तिसरामजला, प्रोसेस मॉनिटर उतरवून घ्या, सिसइंटर्नल्सचं, फुकट आहे, कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाईलला हात लावतो ते दाखवतं. अ‍ॅडमिन म्हणून चालू करा पण बाबांच्याच खात्यात बसून. फिल्टरमध्ये प्रोसेसचं नाव द्या आणि रिझल्ट "अ‍ॅक्सेस डिनाईड". मग पावती छापा आणि शेवटच्या ओळी बघा.

लोणचंभाकरी

मी कॉम्प्युटरवाली नाही पण माझा अनुभव सांगते. मुलगी मराठी टायपिंगची परीक्षा देतेय, क्लासवाल्यांनी प्रॅक्टिसचं सॉफ्टवेअर दिलं. तिच्या खात्यातून उघडलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागायचं, मी दर वेळी टाकून द्यायचे, चालायचं. दोन आठवडे पोरीने उतारे टाईप करून सेव्ह केले आणि एक दिवस बघायला गेलो तर डॉक्युमेंट्समध्ये एकही फाईल नाही!! रडारड नुसती. शेवटी दिराने येऊन शोधल्या, सगळ्या माझ्या खात्यात सापडल्या. का ते अजून कळलं नाहीये.

नेटवर्कवाला

@लोणचंभाकरी ताई, तुमचा पासवर्ड टाकला की तो प्रोग्रॅम "मुलीचा पण जास्त ताकदीचा" होत नाही, तो तुमचा होतो. डॉक्युमेंट्स तुमचं, सेटिंग तुमची. स्क्रीन तिची दिसते म्हणून फसगत होते. म्हणून "राईट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा" हा जो सल्ला सगळीकडे मिळतो ना, तो स्टँडर्ड खात्यासाठी फार बेकार आहे.

काही प्रोग्रॅम तर उगाचच पासवर्ड मागतात, फाईलच्या नावात सेटअप किंवा अपडेट असं काही असलं की विंडोज त्याला इन्स्टॉलर समजतं. नाव बदलून बघा, गंमत वाटेल.

सांगलीकर_स्टुटगार्टात

मी तिसरामजलाच्या बाजूने आहे पण एक अडचण सांगतो, ती कुणी बोलत नाही. आई-बाबा सांगलीत, मी इथे, रिमोटवरून त्यांचा लॅपटॉप सांभाळतो. दोघांना मी स्टँडर्ड खाती दिली आणि फुशारकीने बायकोला सांगितलं की आता काळजी नाही. पहिल्याच रविवारी प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचा होता. पासवर्डची खिडकी उघडली की मला इथे काळी स्क्रीन! बाबांना ती दिसतेय, मला दिसत नाही, कारण ती खिडकी विंडोज वेगळ्याच डेस्कटॉपवर उघडतं म्हणे, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला हात लावता येऊ नये म्हणून. मग काय, फोनवर पासवर्ड सांगायचा, "ॲट द रेट, बाबा, जिलबीसारखं असतं ते," आणि बाबा कीबोर्डवर जिलबी शोधतायत. पंचवीस मिनिटं.

नंतर कळलं की रिमोटचं सॉफ्टवेअर नुसतं उघडून चालवायचं नसतं, एकदा अ‍ॅडमिनने नीट इन्स्टॉल करून सर्व्हिस म्हणून (मागे सतत चालत राहणारं) ठेवलं की ती खिडकीही दिसते. भारतवारीत ते काम केलं.

पेनड्राईव्ह_पाटील

बघा, म्हणजे भारतात यावं लागलं 😂 याला तुम्ही सोय म्हणता?

आणि पोरांसाठी म्हणून जे हे करतात त्यांना सांगतो, रोब्लॉक्स टाकायला अ‍ॅडमिन लागत नाही, ते युजरच्या अ‍ॅपडेटामध्ये (त्याच्या स्वतःच्या खात्यातल्या फोल्डरात) जाऊन बसतं. क्रोमसुद्धा पासवर्ड नाही दिला तर तिथेच बसतं. म्हणजे पोरगा गेम टाकतोच, आणि आजोबांची पावती तेवढी अडते. काय मिळवलंत?

तिसरामजला

पाटील, गेम टाकला तर टाकू दे हो, गेम थांबवायला खातं केलंच नव्हतं, गेमसोबत येणारं जे सगळ्या मशीनभर पसरतं ते थांबवायचं होतं.

अपडेट देतो. प्रोसेस मॉनिटरने सांगितलं, पठ्ठ्या पावती छापण्याआधी सी ड्राईव्हच्या थेट मुळात एक टेक्स्ट फाईल बनवतोय! फोल्डर नाही काही नाही, उघड्यावर. मी हुशारी केली, अ‍ॅडमिनमधून त्याच नावाची रिकामी फाईल तिथे बनवली, सिक्युरिटीत जाऊन युजर्सला मॉडिफायची परवानगी दिली. तरी डिनाईड. आता काय?

नेटवर्कवाला

सी च्या मुळात बनलेल्या फाईलवर परवानगीखेरीज "हाय इंटिग्रिटी"चा (वरच्या दर्जाचा) शिक्का आपोआप बसतो. साध्या खात्यातला प्रोग्रॅम मीडियम, त्यामुळे यादीत नाव असूनही आत घेत नाहीत, लग्नाचं आमंत्रण आहे पण हॉलचा वॉचमन सोडत नाही तसं. शिक्का आयकॅकल्स कमांडने बदलता येतो, पण त्या वाटेला जाऊ नका. प्रोग्रॅमच्या फोल्डरात एखादी आयएनआय (सेटिंगची साधी टेक्स्ट) फाईल आहे का बघा, त्या काळचे लोक पाथ त्यात लिहायचे.

तिसरामजला

आहे!! एका ओळीत नुसतं सी:\ लिहिलेलं. सी मध्येच "सोसायटी" नावाचं फोल्डर केलं, तो पाथ टाकला, बाबांचं खातं परत स्टँडर्ड केलं आणि पावती छापली गेली. एकूण वेळ दीड तास, त्यातला एक तास माझ्या मूर्खपणाचा. पाटील, बोला.

नेटवर्कवाला

थांबा, पेढे नंतर. हिशोबाची डेटा फाईल कुठे आहे? प्रोग्रॅम फाईल्समध्येच असेल तर बाबांना एक नोंद करायला लावा आणि मग तुमच्या अ‍ॅडमिनमधून "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" करून तीच नोंद शोधा.

तिसरामजला

नाहीये. नोंद नाहीये. बाबांकडे ४२ फ्लॅटांची या महिन्याची वसुली पूर्ण दिसते आणि माझ्याकडे महिना कोरा. घाम फुटला राव. आणि ऑडिटरला पेनड्राईव्हवर डेटा मी माझ्याकडून कॉपी करून देतो.

नेटवर्कवाला

याचीच भीती होती. व्हिस्टापासून विंडोज जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमवर एक मेहेरबानी करतं. प्रोग्रॅम फाईल्समध्ये लिहायला गेला आणि हक्क नसला तर हाकलून न देता गुपचूप त्या युजरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात लिहू देतं, आणि प्रोग्रॅमला वाटतं आपण मूळ जागीच लिहिलं. म्हणून एरर कुठेच नाही. विंडोज ११ मध्येही हे आहे. तुमच्याकडे आता वह्या दोन झाल्या आहेत, एक बाबांची आणि एक मूळची. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये यूएसी व्हर्च्युअलायझेशनचा कॉलम चालू केलात तर त्या प्रोग्रॅमपुढे "एनेबल्ड" दिसेल.

आता घाई करू नका. आधी दोन्ही फाईली वेगळ्या पेनड्राईव्हवर घ्या. मधल्या दिवसांत बाबांचं खातं अ‍ॅडमिन होतं तेव्हा कुठे काय लिहिलं गेलं ते नोंदी ताडून बघा. मग खरी वही मूळ जागी ठेवा. आणि नुसतं मूळ फोल्डरला मॉडिफाय देऊन भागणार नाही, कारण व्हर्च्युअलस्टोअरमध्ये प्रत पडलेली असली की वाचताना आधी तीच उघडते. ती तिथून हलवलीच पाहिजे.

लोणचंभाकरी

अगंबाई. म्हणजे एरर येत होता तेच बरं होतं की.

पेनड्राईव्ह_पाटील

मला आता जास्त बोलायची गरज नाही असं वाटतं. दुकानवाल्याने अ‍ॅडमिन दिलं होतं तेच राहिलं असतं तर वही एकच राहिली असती ना?

नेटवर्कवाला

नुसतं खातं अ‍ॅडमिन करून नसती, पाटील. यूएसी चालू असेल तर अ‍ॅडमिन खात्यातही नुसतं डबल क्लिक करून उघडलेला प्रोग्रॅम साध्याच हक्कांनी चालतो. पावती आधी तिसरामजलाकडे छापली जायची ती ते रन अ‍ॅज अ‍ॅडमिन करत असतील म्हणून, आणि बाबांकडे अ‍ॅडमिन झाल्यावर छापली जायला लागली याचा अर्थ त्या पोराने एक तर आयकॉनवर कायमची टिक मारून दिली असणार नाही तर यूएसीच बंद केलं असणार. बघा बरं.

तिसरामजला

कंपॅटिबिलिटीत टिक होती, मी ती काढली होती. यूएसीची पट्टीसुद्धा तळाला होती 🤦 वर नेऊन ठेवली. म्हणजे ५०० रुपयांत घरातलं सगळंच उघडं करून गेला.

सांगलीकर_स्टुटगार्टात

माझ्या मते सॉफ्टवेअरच उचलून प्रोग्रॅम फाईल्सच्या बाहेर टाका. सी मध्ये स्वतंत्र फोल्डर, जसं पावतीसाठी केलंत. तिथे सगळ्या युजरना लिहिता येतं आणि व्हर्च्युअलस्टोअरचा खेळही होत नाही. बाबांच्या जुन्या टायपिंगवाल्या सॉफ्टवेअरला मी हेच केलं.

नेटवर्कवाला

चालेल, एक पथ्य पाळा. तिथे सगळ्यांना लिहिता येतं म्हणजे चिरंजीवांच्या खात्यातल्या एखाद्या किड्यालाही ती ईएक्सई (प्रोग्रॅमची चालणारी मूळ फाईल) बदलता येते. म्हणून ते सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनमधून उघडायचं नाही, कधीच नाही, तुम्हीसुद्धा स्वतःचं साधं खातं करून घ्या. आणि कोणी रनअ‍ॅज आणि सेव्हक्रेड (पासवर्ड साठवून दुसऱ्याच्या खात्याने प्रोग्रॅम चालवायची कमांड) वापरून शॉर्टकट बनवा सांगितलं तर ऐकू नका, पासवर्ड एकदा साठला की त्या खात्यातून कुठलाही प्रोग्रॅम तो वापरू शकतो.

तिसरामजला

झालं. शनिवारी रात्री अकरा ते एक. सगळं सी मधल्या फोल्डरात हलवलं, दोन्ही वह्या मी आणि बाबांनी पावतीपुस्तक समोर घेऊन ताडल्या, तीन पावत्यांचा फरक निघाला तो हाताने भरला. व्हर्च्युअलस्टोअरमधली प्रत पेनड्राईव्हवर घेऊन तिथून काढली. आता बाबांच्या, माझ्या, दोन्ही साध्या खात्यांतून तेच आकडे दिसतायत.

बाबा म्हणाले, "हे आधीच केलं असतंस तर." मी काही बोललो नाही.

पेनड्राईव्ह_पाटील

अभिनंदन. मी मात्र घरी अ‍ॅडमिनच ठेवणार, बॅकअप दर रविवारी घेतो, तेवढं पुरतं मला. तुमच्याएवढा पेशन्स नाही. एक विचारू का, पासवर्ड अजून फक्त तुम्हा दोघांनाच आहे ना?

तिसरामजला

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेला आहे. बाबांचं अक्षर. प्रिंटरने मागितला तेव्हा बायकोने सांगितला म्हणे.