मागाच्या खड्ड्यात वाइनच्या बाटल्या ठेवाव्यात का? (वडगाव, बेळगाव)

खड्डामाग:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथं आपल्या भागातली माणसं बरीच आहेत म्हणून विचारतो.

माझ्याकडं वाइनच्या ४३ बाटल्या झाल्यात. ठरवून जमवल्या नाहीत. उद्यमबागेत एका कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे, महिन्या-दोन महिन्यांनी बंगळूरला जावं लागतं. येताना नंदी हिल्सच्या बाजूनं ग्रोव्हरच्या दोन आणायच्या, एकदा हंपीला गेलो तेव्हा क्रस्माची घेतली, इथल्या दुकानातनं फ्रातेल्ली, सुला. आणतो जास्त आणि पितो कमी, असं बायको म्हणते. खोटं नाही.

घर आज्जाच्या वेळचं. पुढं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि परडं. वर पत्र्याखाली माळा. आधी सगळी खोकी माळ्यावर होती. गेल्या मे महिन्यात एका दुपारी आई म्हणाली, वरनं कायतरी आंबूस वास येतोय. चढून बघतो तर दोन बाटल्यांची बुचं अर्धा बोट वर आलेली आणि खाली गणपतीच्या मखराचा पुठ्ठा लालभडक. मखर अण्णांच्या हातचं. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यातली एक बाटली उघडून चाखली तर उकडलेल्या मनुकांचं पाणी लागावं तशी.

तेव्हापासनं खोकी माजघरात, कपाटाखाली, पलंगाखाली, एक तर शिलाई मशीनच्या पायांत. केर काढताना रोज ठणठण.

आता मुद्दा. सोप्यात आज्जाच्या हातमागाचा खड्डा, विणणारा काठावर बसून ज्यात पाय सोडतो तो, अजून तसाच आहे. माग कधीच विकला. शहापुरी साड्या विणायचा तो. खड्डा बुजवायला आईनं दिला नाही, वर फळ्या टाकल्यात आणि आत बटाटे-लसूण असतो. साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट खोल, कडेनं दगडी बांधणी. मापं घ्यायची खोड असल्यानं वर्षभर तिन्ही ठिकाणी थर्मामीटर ठेवला. मे महिन्यात दुपारी माळा ४१, माजघर ३३, खड्डा २६. डिसेंबरात खड्डा २३. दिवसारात्रीत अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही.

पुस्तकात १२-१३ अंश सांगतात, ते मला जमणार नाही. पण ही जागा वापरावी का? आणि ४३ बाटल्या एवढ्याशा खड्ड्यात कशा बसवाव्यात, की काढताना सगळ्या हलवाव्या लागणार नाहीत?

नवा_फ्लॅट:

सरळ वाइन कूलर घ्या की. १८ बाटल्यांचा छोटा मिळतो.

खड्डामाग:

१८ चे दोन घेतले तरी ७ बाहेर. आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाइट गेली की कधी येईल ते आभाळ ठरवतं. शिवाय कॉम्प्रेसर नसलेला छोटा कूलर खोलीपेक्षा ठरावीक अंशच खाली जातो, मे महिन्यात तो काय करणार? कॉम्प्रेसरवाल्याची किंमत बघितली आणि मिटवून टाकलं.

बेदाणेवाला_अथणी:

दादा, मी द्राक्षवाला असलो तरी वाइनमधलं मला काय कळत नाही. आमची थॉम्पसन, सगळी बेदाण्याला. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बिया असलेली, ती आमच्याकडं कुणी खात पण नाही. पण बाटल्या रचायचं सांगतो.

११० मिलीमीटरचा पीव्हीसी पाइप घे. शेतीच्या दुकानात ६ मीटरचा नग मिळतो. ३० सेंटीमीटरचे तुकडे पाड. हिशोबानं वीस पडतात, करवतीत जातं ते धरून एकोणीस. बाटली साडेसात सेंटीमीटर जाडीची, आरामात सरकते. स्पार्कलिंगची जाड बाटली पण जाते. तुकडे मधाच्या पोळ्यासारखे एकावर एक रच, वरचा खालच्या दोघांच्या मधल्या खाचेत. कडा पॉलिश पेपरनं घासून घे, नाहीतर लेबलं खरवडून निघतील. एक बाटली काढली तर बाकीच्या जागच्या हलत नाहीत, हाच त्यातला फायदा.

आमच्याकडं जुन्या वाड्यात पेव आहे, धान्य साठवायचं जमिनीतलं, त्यात ठेवूया काय म्हणून माझा भाचा विचारूलाला होता. त्याला सांगितलं, बंद पेवात उतरायचं नाव काढू नको, आत हवा खराब असते, माणसं मेल्यात. तुझा खड्डा अडीच फुटाचा उघडा आहे, त्याचं भ्या नाही.

कौलारू_खानापूर:

पीव्हीसीला माझा विरोध नाही, पण आमच्या खानापूरच्या मातीचा उल्लेख न करता मला राहवत नाही. कुंभाराकडनं खापराचे नळ करून घेतले तर खड्ड्यात गारवा जास्त टिकतो. खापर पाणी पितं आणि हळूहळू सोडतं, रांजणात होतं तेच.

पण प्रामाणिकपणे सांगतो, तुझ्या खड्ड्यात ते करू नकोस. एक तर खापराची भिंत जाड, अडीच फुटात एका ओळीत सहाऐवजी पाचच बसतील. दुसरं, वडगावातली जमीन पावसाळ्यात पाझरते. विहिरी काठोकाठ येतात तिथं जून ते सप्टेंबर आणखी ओल कशाला? मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत बूच सुकू नये म्हणून एखादा पाण्याचा गाडगा कोपऱ्यात ठेव, बास.

खड्ड्यात पाणी येतं का ते आधी सांग.

खड्डामाग:

येतं. २०१९ च्या ऑगस्टात तर गल्लीतल्या सगळ्या खड्ड्यांत उभं होतं, ज्यांचे माग चालू होते त्यांचे ताणे भिजून गेले. तसलं वर्ष सोडलं तर दोन-तीन बोटं येतं आणि आठ दिवसांत जिरतं.

अथणीच्या दादांचं वाचून काल रात्री कागदावर मांडलं. खड्ड्याच्या लांबीच्या दोन्ही टोकांना एकेक ढीग, तोंडं आतल्या बाजूला. ढिगाची खोली ३० सेंटीमीटर, म्हणजे दोघांचे ६०. लांबी १०७. मधे ४७ सेंटीमीटर उरतात, तिथं पाय सोडून काठावर बसायचं आणि बाटली ओढायची. खाली विटांचे दोन थर, त्यावर पाइपांच्या सहा ओळी, ओळीत सहा. एका ढिगात ३६, दोन्हीत ७२. चार पाइप पुरतात.

मांडून झाल्यावर लक्षात आलं, पाय सोडायची जागा आज्जाची होती तीच आहे.

कॅम्पातली:

भाऊ, कॅम्पात राहते, गोव्यात एका हॉटेलात अकरा वर्षं वाइन वाढायचं काम केलंय. तुम्ही खड्डा मोजलात, ऊन मोजलंत, पाणी मोजलंत. बाटल्या मोजल्यात का? ४३ हा आकडा नव्हे. फिरकीच्या झाकणाच्या किती आणि बुचाच्या किती?

बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. बूच सुकलं की आकसतं, हवा शिरते, वाइन मरते. फिरकीच्या झाकणाला हे काहीच लागू नाही, ती उभी राहू द्या, साध्या लाकडी कपाटात, उजेड आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. आपल्याकडच्या बऱ्याच वाइन्स फिरकीच्याच आहेत. त्यांच्यासाठी पाइप कापत बसू नका.

दुसरं. सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां ह्या पांढऱ्या आणि गुलाबी रोझे, ह्या ठेवायच्या वाइन्स नव्हेत. वर्ष, फार तर दोन वर्षं. लेबलावर साल बघा आणि तीन वर्षांपूर्वीची असेल तर आज रात्री उघडा. वास गेला असेल तर रस्सा करा, रडू नका. साधी लाल दोन-तीन वर्षं. ठेवण्याजोग्या म्हणजे फ्रातेल्लीची सेत्ते, ग्रोव्हरची ला रिझर्व, सुलाची रासा, ती तुमची हंपीची काबेर्ने. तुमच्याकडं अशा दहा-पंधरा असतील, पैज लावते.

तिसरं. २३ ते २६ ला बाटली खराब होत नाही, पण लवकर म्हातारी होते. १२ अंशाला दहा वर्षं जगणारी तुमच्याकडं चार-पाच वर्षांत उतरणीला लागेल. मुलीच्या लग्नाला उघडीन म्हणून ठेवली असेल तर मुलगी किती वर्षांची ते बघा. माळ्यावर जे झालं त्यात नुसत्या गरमीचा दोष नव्हता. दिवसा ४१ आणि रात्री पंचविसावर, वाइन फुगायची, बूच ढकलायची, थंड झाली की बाहेरची हवा आत ओढायची, रोज. त्या मानानं खड्डा लाखमोलाचा.

आणि लसूण बाहेर काढा. आईंना वाईट वाटेल, पण लसूण, फिनेल, रंगाचे डबे बाटल्यांशेजारी नकोत.

नियमबिंदू:

मजा चालू आहे तेवढ्यात एक कडू गोळी. परवान्याशिवाय घरात किती दारू ठेवता येते ह्याला बहुतेक राज्यांत मर्यादा आहे, वाइनलाही. कर्नाटकातही. अबकारी खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारून घ्या, आणि आकडे इथं जाहीर लिहीत बसू नका. दुसरं, गोव्याची बाटली घरात असेल तर लेबल वाचा. फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं, ती परवान्याशिवाय चोर्ला घाटानं इकडं आणणं गुन्हा आहे. कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या उगीच थांबवत नाहीत.

खड्डामाग:

गोव्याची एकही नाही, देवाशपथ. कार्यालयात सोमवारी जातो.

कॅम्पातल्या ताई, तुमच्या सांगण्यावरनं सगळ्या बाटल्या जमिनीवर मांडल्या. मुलगी (नऊ वर्षं, हिशोब केला) मोजायला बसली होती. फिरकीच्या २६. बुचाच्या १७. पांढऱ्या नऊ, त्यातल्या चार तीन वर्षांपूर्वीच्या. दोन उघडल्या, एक बरी होती, एकीला ओल्या पुठ्ठ्याची चव. मला वाटलं होतं जागेची अडचण आहे. अडचण १७ बाटल्यांची निघाली, आणि १७ ला एकच ढीग पुरे, तोही अर्धाच भरतो. म्हणजे चारऐवजी एकच पाइप.

बेदाणेवाला_अथणी:

मग दुसऱ्या टोकाला बटाटे ठेव की. आई खूश.

कॅम्पातली:

बटाटेही नकोत, कुजले तर घाण सुटेल. रिकामं राहू द्या. रिकामी जागा दिसली की तुम्ही बंगळूरवरनं भरून आणणार, हे मला आत्ताच दिसतंय. नवी आणायची तर आधी घरातली एक संपवून आणा.

खड्डामाग: (श्रावणात)

कळवायचं राहिलं होतं. जूनमध्ये एकच ढीग रचला, विटांचे दोन थर धरून. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाणी आलं, चार बोटं, पहिल्या विटेच्या वर गेलं नाही. पण लेबलांना बुरशी धरली. सेत्तेच्या लेबलावर आता नकाशा दिसतो. बायकोनं स्वयंपाकघरातली चिकट प्लॅस्टिकची फिल्म दिली, ती सगळ्यांना गुंडाळली आणि गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीनं बांधली, वर पेन्सिलनं नाव आणि साल. पेन ओलीनं पसरतं, पेन्सिल टिकते. तोंडाकडनं दिसते म्हणून बाटली ओढून बघायची गरज पडत नाही. हे आधी सुचायला हवं होतं.

खात्यात जाऊन आलो. साहेब हसले आधी, मग अर्ज दिला.

फिरकीच्या २६ पैकी ११ राहिल्यात. पाहुणे खूप आले, असं म्हणूया.

कौलारू_खानापूर:

दगडाच्या सांध्यांतला चुना गेला असेल तर दिवाळीनंतर, जमीन सुकली की भरून घे. आत्ता भरलास तर धरणार नाही. सिमेंटनं गच्च लिंपू नको, पाणी मग खालून फरशी उचलतं.

खड्डामाग: (नवरात्रात)

नवीच अडचण. माग गेला तरी आई खंडेनवमीला खड्ड्याची पूजा करते. आज्जाचा एक धोटा (विणताना आडवं सूत नेतो तो) अजून आहे, तो खड्ड्याच्या काठावर ठेवून हळदकुंकू, झेंडू. एवढी वर्षं आत बटाटे असायचे, त्याचं काही नव्हतं. आज सकाळी म्हणाली, पूजेला खड्डा मोकळा पाहिजे, दोन दिवस तुझ्या बाटल्या कुठं न्यायच्यात तिकडं ने. माळा म्हणायची माझी हिंमत नाही, मखर अजून तिथंच आहे. १७ बाटल्या दोन दिवस कुठं ठेवू?

कॅम्पातली:

माझ्याकडं आणा. आमच्याकडं जुनं दगडी घर आहे, गार आहे. परत किती येतील ते मात्र आत्ता सांगत नाही.

खड्डामाग:

१६ आणतो, ताई. एक आज संध्याकाळी संपवतो.