अनुभव धागा: आपल्या घरचे, आता नसलेले फौजी

आजोबा जाऊन दोन वर्षं झाली. मराठा लाइट इन्फंट्री, पंधरा वर्षं नोकरी. परवा त्यांची काळी ट्रंक उघडली, तर आजीला आलेली आंतरदेशीय पत्रं निघाली. सगळ्यांवर पाठवणाऱ्याचा पत्ता एकच: मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. त्यात गावाचं नाव नाही. कुणी विचारलं की आजी सांगायची, "छप्पनला असतात." (मला लहानपणी ते गावच वाटायचं.) पत्रांत लढाईचं अवाक्षर नाही, बैलांना पेंड घातली का, विहिरीचं पाणी किती उतरलं. तुमच्या माणसांबद्दल लिहा. पदकं नसली तरी चालेल.

एक मुलगी:
आमचे बाबा याच्या उलट, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. डिसेंबर १९७१, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर. आपल्या ब्रिगेडियरांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, पलीकडच्या कर्नलने उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. इथवर गोष्ट पक्की असायची. पुढची रात्र मात्र दरवेळी निराळी. कधी धुकं जास्त, कधी थंडी. एक वाक्य तेवढं बदलायचं नाही: "आणि मग आमचा एक गडी गेला." तेराव्याला त्यांच्या कंपनीतले एक काका आले, तेव्हा कळलं, तो गडी नि बाबा एकाच दिवशी भरती झालेले, एका ताटात जेवायचे. गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली असेल. त्याचं नाव एकदाही विचारलं नाही.

एक सून:
सासरे ईएमईत, म्हणजे फौजेची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, मेकॅनिक. लोक विचारायचे, "अण्णा, किती मारले?" अण्णा गंभीरपणे सांगायचे, "मारले नाहीत, पण शक्तिमान ट्रक बरेच जिवंत केले."

एक मुलगा:
वडिलांमागे आईचं फॅमिली पेन्शन अडलं. डिस्चार्ज बुकात तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. प्रतिज्ञापत्र, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा लष्करी आदेश). अकरा महिने गेले. ज्यांचे वडील अजून आहेत त्यांनी पीपीओवरचं (पेन्शनच्या आदेशावरचं) नाव आजच बघून घ्या. मी चिडचिड करत होतो, आई मात्र प्रत्येक कागदावरचं ते जुनं नाव बोटाने शोधायची. शेवटी म्हणाली, "लग्नात बदललं रे, पण सुट्टीवर आले की ते मला ह्याच नावाने हाक मारायचे. तिथे लिहून आले असतील."