फोनातली मराठी-कन्नड नावं कॉम्प्युटरवर येईनात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, खानापुरात आमचं डीटीपी आणि लग्नपत्रिकेचं छोटं दुकान आहे. तुळशीची लग्नं झाली की गर्दी सुरू होते, आणि हल्ली गिऱ्हाईक पाहुण्यांची यादी वहीत लिहून आणत नाही, फोनातले कॉन्टॅक्ट पाठवतंय आणि म्हणतंय पाकिटावर नाव-पत्ता तेवढा छापून द्या. देतो की, पण ती यादी कॉम्प्युटरवर धड उतरली तर ना!

आपल्याकडं एकाच लग्नात दोन लिप्या. नवरा नंदगडचा, नवरी बैलहोंगलची, म्हणजे निम्मी नावं मराठीत निम्मी कन्नडमध्ये. फोनवर झकास दिसतंय. तीच कॉन्टॅक्टची व्हीसीएफ फाईल कॉम्प्युटरवर उघडली की इंग्लिश नावं बरोबर आणि बाकी ठिकाणी नुसती = अशा चिन्हांची माळ, मधे ई झिरो ए फोर असलं कायतरी. सीएसव्ही (स्वल्पविरामानं खाने पाडलेली साधी यादी) करून एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं तर डोक्यावर टोप्या घातलेली युरोपातली अक्षरं आली, वर मोबाईल नंबरचं ९.१९ई+११ झालंय.

मशीन विंडोज ७, ऑफिस २००७. नवीन घ्या म्हणून कृपा करून सांगू नका, पत्रिकेचं जुनं सॉफ्टवेअर डाँगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालतंय, नव्या विंडोजवर ते उठत नाही आणि सगळी डिझाईनं त्यातच अडकलीत. फोन नवा अँड्रॉइड, केबल लावली की नुसता चार्ज होतो, कॉम्प्युटरला दिसतच नाही.

बेळगावात एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले गिऱ्हाईकाला नावं इंग्लिशमध्ये सेव्ह करायला सांगा. कोण ऐकणार आहे ओ? आणि इंग्लिशवरून परत मराठीत आणताना कदमचं कदाम झालं की शिव्या आम्हालाच.

प्रतिसाद १
डेटा शाबूत आहे, घाबरू नका. फोन ज्या जुन्या पद्धतीच्या व्हीकार्डमध्ये (व्हीसीएफ फाईलची लिहायची पद्धत), म्हणजे २.१ मध्ये, फाईल काढतो त्यात इंग्लिश सोडून बाकीची अक्षरं अशीच कोडमध्ये लिहितात. ई० च्या पाठोपाठ ए४ किंवा ए५ दिसलं की देवनागरी, बी२ किंवा बी३ दिसलं की कन्नड.

एक वेगळं जीमेल खातं काढा (स्वतःच्या कॉन्टॅक्टमध्ये लोकांचे पाहुणे कशाला), फाईल फोनवरच त्या खात्यात इम्पोर्ट करा, मग गूगल कॉन्टॅक्ट्समधून गूगल सीएसव्ही काढा. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढं जात नाही, तेव्हा हे काम कुणाच्या तरी नव्या लॅपटॉपवर उरका. एक्सेलमध्ये डबल क्लिक करायचंच नाही. डेटा मेनूतून फ्रॉम टेक्स्ट घ्या, फाईल ओरिजिनमध्ये ६५००१ युटीएफ-८ (सगळ्या लिप्या वाचणारी कोडपद्धत) निवडा, आणि नंबरच्या कॉलमला टेक्स्ट करा, म्हणजे +९१ जागेवर राहील.

केबलचं म्हणाल तर अँड्रॉइड ६ पासून फोन आधी चार्जिंगवरच राहतो, वरून नोटिफिकेशन ओढून फाईल ट्रान्सफर निवडावं लागतं. तरी दिसेना तर केबल बदला, काहींत डेटाच्या तारा नसतातच.

धागाकर्ता
देव भलं करो! नावं आली, कन्नडपण आली, नंबर सरळ झाले. केबल खरंच चार्जिंगपुरतीच निघाली. पण ज्यांचा पत्ता तीन-चार ओळींत आहे तो तुटून खालच्या रांगेत जायलाय, गल्ली एकीकडं गाव एकीकडं. आणि नावं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केली की नुसती प्रश्नचिन्हं.

प्रतिसाद २
पत्त्यासाठी लिब्रेऑफिस टाका, फुकट आहे. फक्त जुनी आवृत्ती घ्या, २५.८ पासून विंडोज ७ वर चालत नाही. त्यात सीएसव्ही उघडताना तोच कॅरेक्टर सेट (युटीएफ-८) विचारतो, आणि अवतरणचिन्हातल्या ओळी तो एकाच खान्यात ठेवतो. मग एक्सेल फाईल म्हणून सेव्ह करा.

आणि पाकिटं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये करायचीच कशाला? त्याला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचे ठरलेले कोड, कळत नाही म्हणून प्रश्नचिन्हं येतायत. पत्रिका त्यात राहू दे, पाकिटं वर्डच्या मेल मर्जनं (यादीतलं नाव-पत्ता आपोआप एकेका पाकिटावर भरायची सोय) काढा. मराठीला मंगल, कन्नडला तुंगा, दोन्ही फाँट विंडोज ७ मध्ये आहेतच.

धागाकर्ता
मेल मर्ज हे डोक्यातच आलं नव्हतं. मंगल पाकिटावर दिसायला जरा रुक्षच वाटतो, पण वाचता तर येतो. एकच विचारतो, एका पाकिटावर नाव कन्नडमध्ये आणि गाव मराठीत असलं तर फाँट दर वेळी हातानं बदलायचा का आपोआप घेतो?